पाण्यातला मासा पाहायला वांडूरला

हल्ली घरोघरी मुले संगणकावर चित्रे काढतात. समुद्रातले मासे हा त्यांचा आवडता विषय. मासा हुबेहूब जमतो, खवला न् खवला मोजून घ्यावा. पण तो पाण्यात आहे असे काही वाटत नाही. अशा हौशी चित्रकारांना एकदा अंदमानातल्या वांडूरला न्यायला हवे.

पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून श्रीविजयपुरम) वांडूर सुमारे ३० किलोमीटर. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या बोटी इथूनच सुटतात. जॉली बॉय आणि रेडस्किन ही बेटे पर्यटकांना आळीपाळीने खुली असतात; तेवढीच प्रवाळांना उसंत!

बेटाजवळ काचेच्या तळाच्या होडीत बसावे. उथळ पाण्यात सारे रंग लखलखीत. लाटांचा पृष्ठभाग भिंगासारखे काम करतो, त्यामुळे पांढऱ्या वाळूवर उन्हाची जाळी हलत असते. खोली वाढते तसे पाणी आधी लाल रंग गिळते, मग नारिंगी, मग पिवळा. खोलवरचा लाल मासा काळपट दिसतो. छायाचित्रात तो लालभडक असतो तो फ्लॅशच्या उजेडामुळे, आणि छायाचित्र समोर ठेवून रंगवणारा नेमका इथेच फसतो. माशावर पाण्याच्याच निळ्या-हिरव्या रंगाचा पारदर्शक थर चढवावा. मासा जितका दूर, तितका थर दाट आणि कडा पुसट. उन्हाची जाळी पाठीवर काढावी, पोटावर नको.

प्रवाळांची गोष्ट वेगळी. चित्रांत ते गुलाबी-जांभळे असतात. इथे बरेचसे तपकिरी, हिरवट दिसतात. हा रंग त्यांच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा. प्रवाळांना अन्नही तीच पुरवतात. पाणी फार तापले की ही शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरेफटक होतात. २०१० मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडले. असे पांढरे प्रवाळ चित्रात देखणे दिसतात, प्रत्यक्षात ते उपाशी असतात. मेलेल्या प्रवाळांवर पुढे शेवाळ चढते. ते करडे ढीग कुणी रंगवत नाही. रंगवावेत, असे आम्हाला वाटते. पोपटमासे त्यांवरच तर चरतात! चोचीसारख्या दातांनी ते खडक खरवडतात आणि पोटातून बाहेर टाकतात ती बारीक पांढरी वाळू.

बोटी सकाळी सुटतात. बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत. सोबत वही-पेन्सिल मात्र जरूर असावी. रंग घरी येऊन भरता येतील.