सहा बाय चार

पुस्तकांच्या कपाटांनी व्यापलेल्या आमच्या घरात सुतारकामासाठी उरली ती काचा लावून बंद केलेली गॅलरी : सहा फूट लांब, चार फूट रुंद. प्लायवूडची अख्खी शीट आठ बाय चारची. म्हणजे कच्चा माल कारखान्याहून मोठा!

परंतु खरी अडचण लांबी-रुंदीची नव्हती. लगतच्या खोलीत दम्याने बेजार झालेली आई असते. लाकडाच्या धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारकांत केली आहे. सँडरने उडणारी बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगते. रंध्याची ढलपी मात्र खाली पडते आणि केरसुणीने गोळा होते. रंधा धारदार असेल तर घासण्याचे काम फारसे उरतही नाही. म्हणून यंत्रांऐवजी रंधा, पटाशी, गुण्या आणि जपानी पद्धतीची करवत घेतली. ही करवत ओढताना कापते. ताणलेले पाते वाकत नाही, म्हणून ते पातळ चालते आणि भुसाही कमी पडतो.

टेबल घेतलेच नाही. आपल्याकडचे सुतार जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून काम करीत आले; त्यांची कार्यशाळा बैठकीएवढीच असे.

मर्यादेतून घाट जन्मतो, हे वाङ्मयाच्या वर्गात आपण सहज बोलून जातो. ती मर्यादा दुसऱ्याच्या श्वासाची असली की विधान जड होते. आईच्या उशाशी आता औषधांसाठी सागवानी फडताळ आहे. त्याला पॉलिश नाही. तो वास तिला सोसत नाही.