वीस सेकंद

सोलापूरला उतरलो तेव्हा सॅक पाठीला पोळत होती. लॅपटॉप इस्त्रीसारखा तापलेला, बॅटरी संपलेली. पुण्यातून निघताना त्याला हायबरनेटची कमांड देऊन झाकण मिटलं होतं. म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून त्याने बंद व्हायचं. पण बॅटरी संपेपर्यंत बाबा जागाच राहिला होता.

आजोबांच्या जुन्या कॅसेट मी डिजिटल करून पुण्याच्या खोलीतल्या एका मशीनवर ठेवल्यात. लॅपटॉपवर ते फोल्डर एसएसएचएफएसने जोडलेलं असतं. दिसतं इथलंच, पण फाइल येते तिथून. आदल्या रात्री आजीला फोनवर कॅसेट ऐकवून, कोणता आवाज कोणाचा, मागावर आजोबांसोबत कोण असायचं, हे टिपून घेतलं होतं. सेव्ह केलं नव्हतं. हायबरनेटवर विसंबून ती सवयच मोडली होती. कॅसेट सुरक्षित होत्या. आजीने सांगितलेलं गेलं.

घरी चार्जर लावून लॉग उघडला. एक प्रोसेस वीस सेकंदांत गोठली नाही, म्हणून हायबरनेट रद्द. ती प्रोसेस म्हणजे माझा ऑडिओ प्लेअर.

लहानपणी आपण ‘स्टॅच्यू’ खेळायचो ना, लिनक्स कर्नल झोपण्याआधी तेच करतो. सगळ्या प्रोग्रॅमना जागच्या जागी गोठवतो. मेमरीचा फोटो काढल्यावर कोणी डिस्कवर काही लिहिलं, तर उठल्यावर मेमरी एक सांगणार आणि डिस्क दुसरं. फाइलसिस्टिमची वाट लागते. त्यामुळे हट्ट रास्तच आहे.

गोची फ्यूजची. २००५ साली कर्नलमध्ये आलेल्या या सोयीमुळे फाइलसिस्टिम कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखी चालवता येते. एसएसएचएफएस त्यातलीच. पण कर्नलच्या लेखी तोही इतरांसारखाच एक प्रोग्रॅम, त्यामुळे त्यालाही स्टॅच्यू. तो आधी गोठला आणि प्लेअरने त्याच्याकडे मागितलेला फाइलचा तुकडा हवेतच राहिला. उत्तर आल्याशिवाय प्लेअर गोठू शकत नाही, आणि उत्तर देणारा आधीच गोठलेला. वीस सेकंद वाट पाहून कर्नल डाव मोडतो आणि सगळ्यांना सोडून देतो. झाकण मिटलेलं, मशीन चालू. आधी कोणाला गोठवायचं हे कर्नलला कळावं तरी कसं? कोण कोणावर अवलंबून आहे याची यादी त्याच्याकडे नसते. तरीही राग आला. निदान एकदा ओरडायचं तरी!

आता सिस्टमडीच्या स्लीप-हुकच्या फोल्डरमध्ये माझी चार ओळींची स्क्रिप्ट आहे. आधी प्लेअर बंद, मग अनमाउंट. तेवढ्यात नेटवर्क गेलेलं असेल, तर अनमाउंट अडून बसतो. तेव्हा सरळ एसएसएचएफएसची प्रोसेसच मारायची. तो मेला की थांबलेल्यांना एरर मिळते आणि ते मोकळे होतात. सुंदर उपाय नाही, पण सॅक गार राहते.

संध्याकाळी पुन्हा आजीपुढे बसलो. फोनचा हॉटस्पॉट, मध्येमध्ये अडकणारा आवाज. आजोबा कोणाची तरी नक्कल करताहेत आणि मागे एक बाई हसतेय. फोनवर आजीने ती शेजारीण असल्याचं सांगितलं होतं, एवढं मला आठवत होतं. या वेळी तिने मान तिरकी करून ऐकलं.

“अगं बाई, ही तर मीच.”

मी टाइप केलं, सेव्ह केलं. ती म्हणाली, “मागं घे जरा.” रेंज गेली होती.