फडके रोडवरची पत्रकं

ठाणे, रविवार

चि. अमोल यास,


दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पत्रकं वाटायचा तुमच्या तरुण संघाचा बेत कळला, मसुदाही वाचला. मत मागितलंस म्हणून सांगते, नका वाटू. नवे कपडे घालून, गणपतीचं दर्शन घेऊन मित्रमैत्रिणींना भेटायला आलेल्या पोरांच्या हातात नाशाची धमकी कोंबणं ही सुवार्ता नव्हे, आगाऊपणा आहे. आपल्या नाताळच्या उपासनेच्या दारात कुणी असं केलं तर पहिला तूच चिडशील. शिवाय हल्ली येशूचं नाव काढलं की लोकांना आधी धर्मांतर ऐकू येतं. पण मी भीतीपोटी सांगत नाहीये.

कवी ना. वा. टिळकांचंच बघ. लहानपणी तुमच्या शेजारच्या कल्याणातच ते शाळेत होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांना गाडीत एक गोरा गृहस्थ भेटला. त्यानं आधी संस्कृत काव्याच्या गप्पा मारल्या, मग नवा करार हातात ठेवला. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असंही बोलला म्हणे. (तेवढं नसतं बोलला तरी चाललं असतं!) टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, ते अडकलेच. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तुकोबांचं बोट त्यांनी सोडलं नाही. अभंग लिहिले, कीर्तनं रचली. शेवटी साताऱ्याला येशूभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आपल्या मंडळीतल्या किती जणांना आज ते चालेल?

म्हणून उद्यापासून झब्बे घालून टाळ कुटा, असं नाही हं. सोंग लोकांना लगेच कळतं. मूळचे इंग्रज फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण राचोलला छापून झालं १६१६ मध्ये. हजारो ओव्या अशा आठवडाभराच्या शिबिरात सुचत नाहीत.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई! ‘स्मृतिचित्रे’ ठाण्या-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत सापडेल, बायबलला हातही न लावणाऱ्यांच्या घरांत. का? बाई उपदेश करत नाहीत. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हाचा आकांत, ताटातूट, सोवळ्याओवळ्याचे घोळ, स्वतःची फजिती, सगळं हसत सांगतात. वाचणारीला वाटतं, ही तर आपल्याच घरातली. सोवळं त्यांच्या मनातून कसं गळून पडलं, हे वाचताना आपण आपलं सोवळं तपासायला लागतो. तुमच्या पत्रकात तुमच्यापैकी कुणीच नाही. ते कुणीही, कुठेही छापलं असतं.

माझ्या मनात एक आहे. नाताळच्या आठवड्यात साधा हॉल घ्या आणि कीर्तन ठेवा. आख्यान उधळ्या पुत्राचं, पण थोरल्या भावाच्या बाजूनं. डोंबिवलीत धाकटे कमीच रे, बहुतेक थोरलेच. पहाटे डबा भरून घेणारे, लोकलला लटकणारे, घराचे हप्ते फेडणारे, आईबापांची औषधं आणणारे, आणि ‘माझ्यासाठी कुणी काय केलं?’ हे कधीच न बोललेले. सगळं उधळून परतलेल्या धाकट्यासाठी घरात जेवणावळ चालली आहे आणि हा रागानं अंगणात उभा आहे. बाप पंगत सोडून त्याची मनधरणी करायला बाहेर येतो. एवढं नीट रंगवा. लोकलमधल्या भजनाच्या डब्यातले लोकही येऊन बसतील. त्यांना ताल कळतो, आणि तो थोरलाही.

लूकच्या शुभवर्तमानात तो थोरला आत गेला की नाही, ते सांगितलेलंच नाही. तुम्हीही सांगू नका. शेवटी हात वर करायला लावणं नको, नावं-नंबर लिहून घेणं नको, देणगीची पेटीही नको. चहा द्या आणि कुणी काही विचारलं तर बोला.

पाळकसाहेब कुरकुरतील, त्यांच्याशी मी बोलते. बुवा मात्र शिकलेला हवा. ‘उपासना संगीत’मधली टिळकांची पदं आधी बसवा, पेटीवाला मिळत नसेल तर लगेच कळव, इथे ठाण्यात एक जण आहे.

तुझी
आत्या