खणातला खेळ

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खालच्या खणात तळहाताएवढे, करड्या रंगाचे एक यंत्र आहे. बाजारात त्याला ‘ब्रिक गेम’ म्हणत. आजवर माझ्या पाच बदल्या झाल्या, पुस्तके वाटून टाकली, कपाटे मागे राहिली. हे यंत्र मात्र प्रत्येक वेळी माझ्या पेटीत आले. ते माझे नाही. ज्याचे आहे त्याला ते परत करावयाचे राहून गेले.

ही गोष्ट १९९८ सालची. गुरुदीक्षा होऊन मला जेमतेम वर्ष झाले होते आणि एका मोठ्या धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. रविवारी मिस्सेनंतर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग माझ्याकडे असे. शेवटच्या बाकावर अकरा वर्षांचा एक मुलगा बसे. बोलताना तो अडखळे. पाठांतरासाठी उभे केले की पहिल्याच शब्दाशी त्याची वाचा थांबे, मुले खुसखुसत, आणि मी ‘पुढच्या रविवारी नीट पाठ करून ये’ असे म्हणून त्याला खाली बसवी. एका रविवारी बाकाखालून बारीक टिकटिक ऐकू आली. पाहतो तर त्याच्या मांडीवर हे यंत्र. मी ते काढून घेतले आणि सर्वांदेखत बजावले, “सगळ्या प्रार्थना न अडखळता म्हणशील, त्या दिवशी हे परत मिळेल.” आपण चांगली शिस्त लावली, असे तेव्हा मला वाटले.

त्याच रात्री जेवणानंतर कुतूहलाने मी ते सुरू केले. वरून निरनिराळ्या आकृत्या सावकाश खाली येत होत्या. त्या फिरवून अशा बसवावयाच्या, की आडवी ओळ भरून निघावी. ओळ भरली की ती नाहीशी होते; न भरलेल्या ओळींचा ढीग चढत जातो आणि छताला टेकला की खेळ संपतो. एवढेच. ‘आणखी एकच डाव’ असे म्हणता म्हणता रात्रीचा एक वाजला. पहाटेच्या मिस्सेला डोळे चुरचुरत होते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. मुलाला ज्याबद्दल शिक्षा केली, तेच मी दार लावून करीत होतो.

या खेळाचे मूळ नाव टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो तयार केला. त्यांच्या संगणकाला चित्रे काढता येत नसत, म्हणून त्यांनी कंसांच्या चिन्हांतून चौकटी उभ्या केल्या. चार-चार चौकटींच्या सात आकृत्या, एवढीच त्यांची सामग्री. ना रंग, ना कथा, ना बक्षीस. तरीही तो खेळ जगभर पोहोचला. मग गंमत नेमकी कशात होती?

पुढे अनेक वर्षे मी या प्रश्नाचा विचार केला. पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की हे यंत्र सत्य बोलते आणि लगेच बोलते. आकृती बरोबर बसली की ओळ जाते, चुकली की तेथे भोक राहते. आपण केले त्याचे फळ तत्क्षणी दिसते. आयुष्यात असे क्वचितच घडते. प्रवचन कोणाच्या अंतःकरणात रुजले की वाऱ्यावर गेले, हे मला आजही कळत नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. आरंभी आकृत्या हळू पडतात. हात बसू लागला की त्यांचा वेग वाढतो. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात हेच मांडले आहे. काम फार सोपे असले तर कंटाळा येतो, फार अवघड असले तर धास्ती वाटते. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर माणूस देहभान विसरून रमतो. चांगला खेळ खेळणाऱ्याला त्या वाटेवरून हात धरून नेतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली, आणि तीच मला अधिक बोचली. खेळात हरल्यावर कोणी हसत नाही. ढीग छताला टेकतो, पडदा कोरा होतो आणि नवा डाव सुरू होतो. मागच्या अपयशाचा उल्लेखही नाही. ज्या मुलाला घरी, शाळेत आणि माझ्या वर्गातही तोंड उघडताच अपमान वाट्याला येत होता, त्याला हजारदा हरूनही मान ताठ ठेवता येईल अशी एकच जागा होती. ती मी जप्त केली.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकविले होते. त्यांच्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात खेळावर विवेचन आहे. श्रमलेल्या शरीराला विश्रांती हवी, तसा थकलेल्या मनाला खेळ हवा, असे ते म्हणतात. आणि त्यासाठी संत योहानाची एक जुनी कथा देतात. शिष्यांबरोबर खेळताना योहानाला पाहून काही जणांना ते खटकले. तेव्हा त्याने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला पुन्हा पुन्हा बाण सोडावयास लावले आणि विचारले, असे अखंड करीत राहशील का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने उत्तर दिले. खेळाचा अतिरेक हा जसा दोष, तसाच खेळाचा नि आनंदाचा अभाव हाही दोषच, असा निर्वाळा अक्वायनस देतात. हे सारे मी परीक्षेत उत्तम गुणांनी लिहिले होते. शेवटच्या बाकाजवळ उभा राहिलो तेव्हा मात्र त्यातील एक ओळही मला आठवली नाही.

तो मुलगा आणखी तीन रविवार आला. तिन्ही वेळा मी त्याला उभे केले. चौथ्या रविवारी तो आला नाही. नाताळापूर्वी यंत्र परत करावे, म्हणून मी त्याच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. वडिलांची नोकरी बदलली आणि कुटुंब गाव सोडून गेले, एवढेच शेजाऱ्यांनी सांगितले.

गेल्या वर्षी धर्मग्रामातील एक भगिनी आपल्या मुलाला घेऊन आल्या. “फादर, तुम्हीच याला सांगा. दिवसभर तो गेम सोडत नाही,” असे म्हणाल्या. पूर्वीचा मी असतो तर सांगितलेही असते. मी म्हणालो, “अरे, तू काय खेळतोस ते मला शिकवशील का?” मुलाने आश्चर्याने वर पाहिले. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मामाने दुबईहून आणलेल्या यंत्रावर त्याने मला १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जुना खेळ लावून दिला. “फादर, तुम्ही यापासून सुरू करा,” तो समजुतीने म्हणाला.

शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या या खेळाची पहिली पायरी म्हणजे अध्यापनाचा उत्तम पाठच. सूचनांचा एक शब्द नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचे ते आपोआप कळते. थोड्याच अंतरावर एक छोटा शत्रू चालत येतो. त्याला धडकलो तर मरतो, पण प्रवास नुकताच सुरू झालेला असल्याने गमावले फारसे काहीच नसते. पुढे दोन जिन्यांच्या मधे एक खाच लागते; तिला तळ असतो. तेथे पडलो तरी जीव जात नाही. त्यानंतरच्या तशाच खाचेला मात्र तळ नसतो. आधी निर्धास्तपणे चुकू द्यायचे, मग खरी परीक्षा घ्यायची! मी सात वेळा मेलो. मुलगा हसला नाही, “होतं असं, फादर. उडी जरा उशिरा मारा,” एवढेच म्हणाला. माझ्या वर्गात असे वाक्य मी कधी उच्चारले होते?

आईची काळजी खोटी नव्हती. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने खेळावरचा ताबा सुटण्याच्या विकाराला आपल्या रोगसूचीत स्थान दिले आहे. मोबाईलवरचे कित्येक खेळ तर रमविण्यापेक्षा अडकविण्यासाठीच रचलेले असतात. रोज हजेरी लावली तर बक्षीस, जीव संपले की थांबा अथवा पैसे मोजा. योहान हाइझिंगा या डच विद्वानाने १९३८ साली लिहिले, की स्वेच्छा हे खेळाचे पहिले लक्षण. ज्यातून उठता येत नाही तो खेळ राहिलेला नसतो. म्हणून मी त्या भगिनींना सुचविले, “वेळ ठरवून द्या, पण त्यातला अर्धा तास तुम्हीही त्याच्याशेजारी बसा.” पुढच्या आठवड्यात त्या चर्चच्या दाराशी भेटल्या. “फादर, मी त्या दुसऱ्या खड्ड्यापर्यंत पोहोचले,” त्यांनी सांगितले. मुलगा बाजूला उभा होता; त्याच्या चेहऱ्यावर गुरूचा अभिमान होता.

आता माझ्या वर्गात पाठांतर सर्वांदेखत होत नाही. मुले दोघे-दोघे बसून एकमेकांना म्हणून दाखवितात, अडले की पुन्हा सुरू करतात, आणि मागचा डाव कोणी मोजत नाही.

खणातील यंत्राच्या बॅटऱ्या मी अधूनमधून बदलतो. ते अजून चालते. तो मुलगा आता चाळिशीच्या घरात असेल. हे पान त्याच्या हाती पडले, तर त्याने माझ्याकडे यावे. एकही प्रार्थना न म्हणता त्याची वस्तू त्याला परत मिळेल. आणि त्याआधी, उभे राहून बोलण्याची पाळी माझी असेल.