थांबलेले चित्र

रविवारी सकाळी विहारातील वाचनालयाची वर्गणी आणि पुस्तकांची नोंद आटोपली की आम्ही पाच-सहा सिनेमावेडे मागच्या पडवीत बसतो. तेथे आमचा एक खेळ चालतो. एकाने मोबाइलवर जुना सिनेमा लावायचा, मधेच थांबवायचा आणि ते थांबलेले चित्र दहा अंक मोजेपर्यंत सर्वांना दाखवायचे. आवाज बंद. नायक-नायिकेचा चेहरा दिसला तर डाव बाद. बाकीच्यांनी सिनेमाचे नाव सांगायचे. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, तेव्हा गुणांची वही साहजिकच आमच्याकडे!

वाचकांना हा पोरखेळ वाटेल. पण सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. अडीच तासांच्या सिनेमात २ लाख १६ हजार झाली. त्यांतील एक ओळखायचे म्हणजे डोळ्यांना काहीतरी खूण लागते. अंधाऱ्या स्टुडिओत उजेडाचा तिरपा झोत दिसला की आम्ही बेधडक 'कागज के फूल' म्हणतो. १९५९ सालच्या त्या सिनेमात छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून ऊन परतवून तो झोत आत आणला होता. हमालांची गर्दी दिसली की 'दीवार' की 'कुली', यावर भांडण ठरलेले. गोदी आहे की रेल्वेचा फलाट, एवढे पाहायचेही आम्ही विसरतो.

त्याच १९५९ सालचा 'सुजाता' निघाला की आमच्या घरात वाद होतो. आम्हाला नूतन आवडते. पत्नी म्हणते, "पोरीने रक्त दिले तेव्हा कुठे ती घरची झाली. रक्त जुळले नसते तर?" यावर आम्हाला अजून उत्तर सापडलेले नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या मुलाने एक चित्र काढले. एक कुंपण आणि कुंपणाजवळ मातीने भरलेली एक मूठ. बाकी काही नाही. आम्ही 'मदर इंडिया' म्हटले. दुसऱ्याने 'उपकार' म्हटले. दोन्ही चूक. आप्पा गिरणीतून बाहेर पडलेले, वय पंचाहत्तरीच्या पुढे, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले. ते एरवी नुसते ऐकत बसतात. त्यांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "दो बीघा जमीन."

बिमल रॉय यांचा १९५३ चा सिनेमा. बलराज साहनींचा शंभू आपल्या हिशेबाने ६५ रुपये देणे लागतो, जमीनदाराच्या वहीत ते २३५ निघतात. (आम्ही वह्याच लिहितो, म्हणून हे आकडे पाठ आहेत.) शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो, तरी जमीन जाते. शेवटी तेथे कारखाना उभा राहत असतो आणि मूठभर माती घेतली तर राखणदार तीही टाकायला लावतो.

"तुम्ही लगेच कसे ओळखले, आप्पा?" मुलाने विचारले.

आप्पा म्हणाले, "मीही गेलो होतो ना रे."

मग सांगू लागले. १९८२ चा संप झाला आणि त्यांची गिरणी त्यांना पुन्हा मिळाली नाही. पुढे तिथे उंच इमारती झाल्या, चिमणी तेवढी ठेवली. एकदा पुतण्याबरोबर त्या बाजूला गेले असता त्यांना वाटले, आपला साचाखाता कुठे होता ते बघून यावे. फाटकावरच्या वॉचमनने त्यांच्या हातातील पिशवीकडे पाहिले आणि सांगितले, "डिलिव्हरी पीछे के गेट से."

"मग गेलात का मागून?"

"गेलो की. तिथल्याने चिठ्ठी मागितली."

आप्पा हसले. आम्ही कोणीच हसलो नाही. सतरा वर्षे त्या फाटकातून भोंग्यावर आत गेलेला माणूस! आणि इतकी वर्षे शेजारी बसून आम्हाला हे ठाऊक नव्हते. आम्ही त्यांना नेहमी 'सोपे' चित्र दाखवायचो, आप्पांना दिसत नाही म्हणून.

मोबाइलचा उजेड विझला होता. आप्पांनी तो मुलाला परत देत विचारले, "पुढे त्या शंभूचे काय होते?" मुलगा म्हणाला, "सिनेमा तिथेच संपतो, आप्पा."

त्या दिवशीचा रकाना वहीत कोराच राहिला आहे.