कागदाबाहेरचे घर

वार्षिक अंकासाठी यंदा कशावर लिहिणार, असे मैत्रिणींनी विचारले तेव्हा मी म्हणाले, "विम्यावर." सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "अगं, आपण कला शाखेच्या मुली. विम्यावर वाणिज्य शाखेच्या मुलांनी लिहायचे. तू आपली पावसावर लिही." मी म्हणाले, "पावसावरच लिहिते आहे." तिला वाटले, मी थट्टा करते आहे. पण आमच्या घरी पाऊस आणि विमा या दोन गोष्टी अशा एकमेकींत गुंतल्या आहेत की एकीची आठवण निघाली की दुसरी मागोमाग येतेच.

आमचे घर सांगलीत, शामरावनगरच्या सखल भागात. बाबांनी 2012 साली बँकेचे कर्ज काढून ते बांधले. बाबा एका शाळेत कारकून. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला एक लहान खोली. ही पुढची खोली आईची. तिथे तिची दोन यंत्रे, एक शिलाईचे आणि एक पिको-फॉलचे. लग्नसराईत ती खोली रंगीत साड्यांनी अशी भरून जायची की शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायला जागा मिळत नसे.

बाबांच्या लोखंडी पेटीत दोन खाकी पाकिटे असत. एकावर लिहिलेले 'घर', दुसऱ्यावर 'गाडी'. दिवाळीच्या आधी पेटी साफ करताना बाबा ती पाकिटे हातात घेत आणि म्हणत, "घराचा विमा आहे, गाडीला फुल इन्शुरन्स आहे. आपल्याला काळजी नाही." पाकिटे पुन्हा पेटीत जात. त्यांच्या आतले कागद आमच्यापैकी कोणी वाचल्याचे मला आठवत नाही. देवघरातली पोथी जशी नुसती असली तरी धीर वाटतो, तशी ती पाकिटे होती.

सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. 2005 च्या महापुरात पाणी 53 फुटांच्या पुढे गेले होते. बाबांनी घर बांधताना तेव्हाचे पाणी कुठवर आले होते याची चौकशी करून जोते त्याहून हातभर उंच घेतले होते. पण नदीने बाबांना विचारले नव्हते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर चढले.

मी तेव्हा आठवीत होते. गल्लीच्या तोंडाशी पाणी आले तेव्हा आम्ही मिरजेला मावशीकडे निघालो. आजीने औषधांची पिशवी आणि टाकातले देव घेतले. बाबांनी पेटीतली पाकिटे घेतली. आईने शालूंचे एक गाठोडे काखोटीला मारले. बाकीचे कपडे फळीवर चढवले, आणि दाराशी थांबून एकदा यंत्रांकडे पाहिले. लोखंडी पायाची ती यंत्रे उचलून नेणार कोण?

आठवड्याने परतलो. घरात गुडघाभर चिखल, आणि असा वास की तो अजूनही पहिल्या पावसात मला नाकाशी आल्यासारखा वाटतो. दिवाण फुगला होता, कपाटाची दारे उघडत नव्हती, धान्याच्या डब्यांतून कोंब आले होते. फळीही बुडाली होती. गिऱ्हाइकांच्या साड्यांचे रंग एकमेकांत उतरून सगळ्यांचा मिळून एकच मातकट रंग झाला होता. बाबा मात्र आत न थांबता अंगणात गेले. गाडी सहा वर्षांची जुनी होती, पण त्यांच्या आयुष्यातली पहिली. त्यांनी दार उघडले, बसले आणि चावी फिरवली. आतून खर्रकन आवाज आला आणि गाडी गप्प झाली.

पुढचे दोन महिने त्या खाकी पाकिटांचे होते.

घरासाठी सर्व्हेअर आले. त्यांनी भिंती, दारे, वायरिंग पाहिले, फोटो काढले. तेव्हा प्रथम कळले की आमचा 'घराचा विमा' म्हणजे बँकेने कर्जाबरोबर उतरवलेला इमारतीचा विमा होता. इमारत म्हणजे भिंती, छप्पर, दारे, खिडक्या. घरातला फ्रीज, दिवाण, कपाट, भांडी यांपैकी काहीही त्यात नव्हते. शिवाय विमा होता कर्जाच्या रकमेइतका, म्हणजे आठ लाखांचा. आणि घर नव्याने बांधायला तेव्हा सोळा लाख लागले असते. इमारतीचे नुकसान एक लाख दहा हजार ठरले, मंजूर झाले पंचावन्न हजार. तेही बँकेच्या नावाने आले आणि कर्जखात्यात जमा झाले.

गाडीची तऱ्हा निराळी. पाण्याने आसने आणि वायरिंग बिघडले ते नुकसान मान्य झाले, पण प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांची निम्मीच किंमत धरली आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाची घट लावली. इंजिनाचे मात्र काहीच नाही. पुराने इंजिनात पाणी शिरले हे खरे, पण पाणी असताना ते सुरू केल्यामुळे मोडले. पुढचे हे नुकसान पॉलिसीत बसत नव्हते.

सर्व्हेअर घर पाहून निघाले तेव्हा आईने हळूच विचारले, "आणि ही मशीन?" ते गृहस्थ सज्जन होते. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ताई, ती या कागदात नाहीत."

बाबा संतापले. आपल्याला फसवले, असे त्यांचे ठाम मत झाले. ते रागारागाने पाकिटे घेऊन गल्लीतल्या अण्णांकडे गेले. मीही मागून गेले. अण्णा सर्वसाधारण विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पॉलिसी सावकाश वाचल्या. मग म्हणाले, "तक्रार करायची असेल तर पुण्याला विमा लोकपाल आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही. पण कागदात नसलेले लोकपाल तरी कुठून देणार?"

"अहो, पण निम्मेच का दिले?" बाबा म्हणाले.

अण्णांनी माझ्या वहीचे पान मागून घेतले. "सोळा लाखांच्या घराचा आठ लाखांचा विमा म्हणजे निम्म्या घराचा हप्ता तुम्ही कंपनीला दिला आणि निम्म्या घराची जोखीम स्वतःच्या डोक्यावर ठेवली. नुकसान झाले तेव्हा कंपनीने आपला निम्मा वाटा दिला. उरलेल्या निम्म्याचे विमेदार तुम्हीच! याला सरासरीचे कलम म्हणतात." मग गाडीकडे वळून म्हणाले, "बुडालेल्या गाडीची चावी फिरवायची नाही. बॅटरीची तार काढायची आणि गाडी ओढून न्यायची. इंजिनासाठी वेगळे संरक्षण थोडा जादा हप्ता भरून घेता येते. तुमच्या पॉलिसीत ते नाही. 'फुल इन्शुरन्स' हा शब्द मात्र मला या कागदात कुठेच दिसत नाही. तो तुम्हाला कोणी सांगितला?"

बाबा काही बोलले नाहीत. तो शब्द त्यांना कोणीतरी सांगितला होता आणि त्यांनी तो आम्हाला सांगितला होता, इतकेच.

अण्णांचे पुढचे वाक्य मात्र मी विसरले नाही. ते म्हणाले, "पॉलिसी नेहमी मागून वाचावी. काय मिळेल ते पुढे मोठ्या अक्षरात असते, ते कोणीही वाचते. काय मिळणार नाही ते मागे असते. आपले घर खरे तिथे असते."

आईने या कशातच भाग घेतला नाही. तिने एका वहीत गिऱ्हाइकांची नावे लिहिली आणि नावापुढे साडीची किंमत. कोणी मागायला आले नव्हते; उलट अनेकजणी "राहू द्या वहिनी, पुरात आमचेही गेले" असे म्हणाल्या. पण आईचे म्हणणे, कापड माझ्या भरवशावर टाकले होते, पुराच्या नाही. उसनवार करून तिने एक जुने यंत्र घेतले आणि दोन वर्षे त्या वहीतली एकेक ओळ खोडत गेली. काहींना पैसे दिले, काहींना फुकट शिवून दिले. शेवटची ओळ खोडली त्या दिवशी तिने घरात गोड केले नाही की कोणाला सांगितले नाही. वही मिटून यंत्राच्या खणात ठेवली, एवढेच मी पाहिले.

2021 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे शाळा बंद होती. मी अण्णांकडे जाऊन बसू लागले आणि त्यांच्याबरोबर आमचे कागद मागून पुढे वाचू लागले. पहिला धक्का स्कूटरचा. मोडकी गाडी विकून बाबांनी 2019 च्या दिवाळीत नवी स्कूटर घेतली होती. कागदावर 2024 ही तारीख होती म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा असतो तो तृतीय पक्षाचा विमा. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर त्याच्यासाठी. कायद्याने सक्तीचा तेवढाच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा किंवा चोरीचा विमा एकाच वर्षाचा होता आणि तो आदल्या दिवाळीतच संपला होता. आठ महिने बाबा स्कूटरला कुलूप लावून निश्चिंत झोपत होते. चोर आला असता तर एक छदामही मिळाला नसता.

घराचा विमा आम्ही नव्याने उतरवला. त्याच वर्षी एक एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' ही सर्व कंपन्यांना सारखी असणारी पॉलिसी सुरू झाली होती. तिच्यात इमारतीबरोबर घरातले सामानही धरता येते. इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, ते यादी न देताही धरले जाते. विमा कमी रकमेचा असला तरी ते सरासरीचे कलम तिला लागत नाही. दागिन्यांसाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि रोख रक्कम तिच्यात बसत नाही.

मी विचारले, "अण्णा, आईची मशीन?"

ते म्हणाले, "तो धंदा झाला. घरगुती सामानात धंद्याचे सामान येत नाही. त्याला लहान उद्योगांची वेगळी पॉलिसी आहे, 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. गिऱ्हाइकांचे कापडही तिच्यात स्पष्ट लिहून घेऊ." अर्ज भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी आई अडली. आजवर सगळ्या अर्जांवर ती 'गृहिणी' लिहीत आली होती. अण्णा म्हणाले, "शिवणकाम लिहा." तिने लिहिले. वीस वर्षे ती जे करीत होती ते त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर आले.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जुलै 2021 मध्ये, पुन्हा पूर आला. या वेळी यंत्रे आणि कापड आधीच शेजाऱ्यांच्या माडीवर गेले होते. दिवाण आणि कपाट पुन्हा फुगले, त्यांची भरपाई मात्र मिळाली. रक्कम मोठी नव्हती. पण बाबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी संताप नव्हता.

योगक्षेम हा शब्द आम्हाला वर्गात शिकवला. नसलेले मिळवणे तो योग आणि मिळालेले सांभाळणे तो क्षेम. मला वाटते, विमा ही क्षेमाची गोष्ट आहे, आणि सांभाळायचे तर आधी आपल्याजवळ काय आहे ते पाहावे लागते. आम्ही ते पाहिलेच नव्हते. बाबांच्या पाकिटांवर 'घर' आणि 'गाडी' होते. आईची खोली त्या घरातच होती, तिच्या शिलाईवर माझी फी भरली जात होती, तरी तिसरे पाकीट करावे असे कोणालाच सुचले नाही, आईलाही नाही. कंपनीचा कागद अपुरा होता, पण त्याच्या आधी आमची नजर अपुरी होती.

एक गोष्ट मात्र अजून कोणत्याच कागदात नाही. पुरात आजीची वही गेली. तिच्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिने त्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. पॉलिसी मागून वाचताना वगळलेल्या वस्तूंच्या यादीत मला 'हस्तलिखिते' हा शब्द सापडला. मी तो आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. त्याची किंमत कोण आणि कशी करणार?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी आजी सांगते आणि मी लिहून घेते. काही ओव्या तिला अर्ध्याच आठवतात. तिथे मी रिकामी ओळ सोडते. वहीच्या दोन प्रती करते. एक आमच्या घरी आणि एक मिरजेला, मावशीकडे. तिचे घर उंचावर आहे.