आम्ही, आपण आणि विमानाचे भाडे

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना एक प्रश्न आम्हां दोघांनाही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वर्गांत विचारला गेला आहे. लेखक लंडनच्या धुक्यात शिरलेला असतो, आम्ही निवेदनशैलीविषयी काहीतरी महत्त्वाचे सांगत असतो, आणि मागच्या बाकावरून लाखांदूरकडचा एखादा मुलगा विचारतो, "पण यांना तिकिटाचे किती पडले असतील?" वर्ग हसतो. आम्हांला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा कधी वाटला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आपले बरेचसे प्रवासवर्णन भाड्याच्या आकड्यावरून उडी मारून थेट परक्या भूमीवर उतरते. कोणी शिष्यवृत्तीवर गेलेले, कोणी निमंत्रणावरून. तिकीट हा त्यांच्या अनुभवाचा भागच नसावा. ज्याला ते स्वतःच्या पगारातून काढायचे असते, त्याचा प्रवास विमानात बसण्याच्या कितीतरी महिने आधी सुरू होतो, आणि त्या प्रवासाचे वर्णन सहसा कोणी लिहीत नाही.

जुन्यांचे तसे नव्हते. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते देश पाहण्याच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते, आणि उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची, म्हणजे दक्षिणेची, वार्ता आली होती. 'माझा प्रवास' हे पुस्तक आपण बंडाची हकिकत म्हणून वाचतो. पण ते मुळात पैशाच्या शोधात निघालेल्या एका माणसाचे कथन आहे आणि बंड त्याच्या वाटेत आडवे आले आहे. मिळालेले पुष्कळसे लुटले गेले. तरीही भटजी परतले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या, तेव्हा वाटखर्चाची तजवीज झाली ती 'स्त्रीधर्मनीति' या आदल्या वर्षीच्या पुस्तकाच्या उत्पन्नातून. मराठी पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेचे भाडे निघाले, हे वाक्य आज कुठल्याही मराठी विभागात मोठ्याने वाचले तर लोक ते नवकथा म्हणून ऐकतील.

असो. आमचा प्रसंग २०२४ च्या उन्हाळ्याचा. आमच्यापैकी एकाची धाकटी बहीण इंग्लंडात रेडिंगला राहते. नऊ वर्षांत तिचे घर तिच्या आईने फोनच्या पडद्यावर खोलीखोलीने पाहिले होते. कुठल्या खिडकीत कोथिंबिरीची कुंडी आहे हेही त्यांना ठाऊक होते. पण त्या उंबऱ्याच्या आत पाऊल पडले नव्हते. वय त्र्याहत्तर, गुडघे थकलेले. पुढच्या वर्षी पाहू, हे वाक्य घरात आठ वेळा म्हणून झाले होते आणि नवव्यांदा ते म्हणायला कोणाची जीभ रेटेना. म्हणजे माणसे पाच: आम्ही दोघे, पंधरा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि आजी.

विमानाच्या भाड्याला आपण सवयीने 'किंमत' म्हणतो. महिनाभर रोज रात्री ते पाहिल्यावर आमचे मत असे झाले, की ती किंमत नसून आपल्याविषयीचा एक तर्क असतो. अमेरिकेने १९७८ साली देशांतर्गत विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण काढले, आणि १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने तेव्हाच्या स्वस्त कंपन्यांना तोंड देण्यासाठी त्याच विमानात, त्याच रांगेत, निरनिराळ्या भाड्यांनी माणसे बसवण्याची पद्धत गणिताच्या जोरावर पक्की केली. त्या काळच्या सवलतींना अटी असत: तिकीट फार आधी घ्या, परतीचेही घ्या, आणि मधली शनिवारची रात्र तिकडेच काढा. ही शनिवारची रात्र आम्हांला विलक्षण वाटते. कचेरीच्या कामाला गेलेला माणूस शुक्रवारी घरी परततो. शनिवारी जो परगावी मुक्काम करतो तो नातलगांकडे आलेला, स्वतःच्या खिशातून खर्च करणारा. एका रात्रीवरून माणसाची परिस्थिती ओळखायची! चांगल्या वास्तववादी कादंबरीकारालाही इतका नेमका तपशील सुचणे कठीण.

आज तर्काची साधने बदलली, तर्क तोच. एकाच साध्या वर्गाचे कंपनी कागदोपत्री अनेक उपवर्ग करते, प्रत्येकाला रोमन लिपीतले एकेक अक्षर असते आणि प्रत्येक अक्षराखाली मोजक्याच जागा. स्वस्त अक्षर संपले की पुढचे महाग अक्षर उघडते. यात कुटुंबाला बाधणारी खोच अशी, की पाच जागा एकदम मागितल्या आणि स्वस्त अक्षरात दोनच उरलेल्या असल्या, तर यंत्र बहुधा पाचही जागा वरच्या भाड्याने दाखवते. दोन स्वस्त आणि तीन महाग, असा हिशेब ते आपण होऊन करून देत नाही. आम्ही एका रात्री पाचांऐवजी एकाच प्रवाशाचे भाडे विचारले आणि आकडा माणशी सहा हजारांनी उतरला. दोघांचे विचारले, तोच. तिघांचे विचारताच पुन्हा वर. म्हणजे खालच्या अक्षरात नेमक्या दोन जागा शिल्लक होत्या.

तेव्हापासून आमच्या घरात एक चमत्कारिक खेळ सुरू झाला: कुटुंब कसे कसे फोडले म्हणजे स्वस्त पडते? दोघे आज, तिघे परवा. एकाने मुंबईहून जावे, उरलेल्यांनी नागपूरहून. जाताना एकत्र, येताना वेगळे. जेवढे तुकडे अधिक तेवढी बचत अधिक. त्यातच, २०२४ च्या एप्रिलमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आपल्या देशातील कंपन्यांना बजावले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी. मात्र दोघे एकाच आरक्षणावर असले पाहिजेत. मुलाला आईजवळ बसवण्यासाठी सरकारी फर्मान काढावे लागावे, याचे आधी नवल वाटले. मग लक्षात आले, की शेजारी बसणे हीसुद्धा वेगळी विकता येणारी वस्तू झालेली आहे. आजी आणि नातीविषयी त्या आदेशात अर्थातच काही नव्हते.

भाषेच्या शिक्षकांना रस वाटावा असा दुसरा प्रकार म्हणजे 'मूल' या शब्दाची व्याख्या. आमच्या पंधरा वर्षांच्या मुलाला पासपोर्ट कार्यालय अज्ञान समजते, कारण अठरा पूर्ण नाहीत. विमान कंपनीच्या लेखी तो पुरा प्रौढ, कारण बारा ओलांडली, पूर्ण भाडे. आणि ब्रिटनच्या तिजोरीच्या दृष्टीने तो पुन्हा बालक! तिथून उडणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून ते सरकार कर घेते. भारताइतक्या अंतरासाठी साध्या वर्गात २०२४ च्या एप्रिलपासून तो ८८ पौंड होता, म्हणजे नऊ हजारांहून अधिक रुपये. सोळा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. मुलीचे प्रकरण आणखी नाजूक. ती २० जूनला बारा वर्षांची होणार होती. बालकाचे भाडे मूळ भाड्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास असते, आणि आमच्या तिकिटाच्या नियमांत वय धरायचे ते प्रवास सुरू होण्याच्या दिवशीचे. २० तारखेआधी निघालो तर ती बालक, नंतर निघालो तर प्रौढ. वाढदिवस आत्याकडे होणार म्हणून ती खूश होती. आम्ही त्या तारखेकडे कर्जाच्या हप्त्याकडे पाहावे तसे पाहत होतो. आजींच्या वयाची मात्र भाड्यात कुठेच दखल नव्हती. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली. निदान ती गेली असे म्हणता तरी येते. इथे ती मुळात नव्हतीच.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका रात्री आकड्यांचा कागद जेवणाच्या पाटाशेजारी पडलेला होता. आजींना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी बेरीज पाहिली आणि म्हणाल्या, "तुमी जाऊन या. मी रायतो घरी."

मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' ही दोन वेगळी सर्वनामे आहेत, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या व्याकरणात शिकवतो. ऐकणाऱ्याला पोटात घेणारे ते 'आपण', त्याला बाहेर ठेवणारे ते 'आम्ही'. इंग्रजीला हा भेद एका शब्दात करता येत नाही, हिंदीतही तो असा नेमका नाही. फळ्यावर लिहिताना हे सारे निर्जीव वाटते. त्या रात्री घरातले एक माणूस 'आपण'मधून उठून आपणच 'तुम्ही'च्या पलीकडे जाऊन बसले. झाडीबोलीत 'ण' नाही. आजी 'आपुन' म्हणतात, आणि महिनाभर त्या "आपुन कवा जाऊ" असेच म्हणत आल्या होत्या. आम्हांला अधिक टोचले ते हे, की त्यांचे म्हणणे आमच्या हिशेबात आधीच एकदा येऊन गेले होते. पाच, साडेचार, चार असे तीन रकाने आम्हीच आखलेले होते. त्यातला चारचा रकाना कोणाला वगळून केला होता, हे कागदावर लिहिलेले नव्हते आणि लिहिण्याची गरजही नव्हती. आपण तटस्थपणे बेरीज करतो आहोत असे वाटत असते, आणि बेरजेला आपले मत असते.

त्या रात्रीनंतर चारचा रकाना खोडला आणि शोध उलट्या बाजूने सुरू केला: माणसे पाचच, आता तारीख आणि वाट यांत काय हलवता येईल?

तारखेने हात दिला तो विदर्भाच्या उन्हामुळे. उन्हाच्या कडाक्यामुळे आपल्याकडच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. २०२४ साली तिकडे १५ जूनला, इकडे १ जुलैला. मुंबई-पुण्याची कुटुंबे परतलेली आणि आपली मुले अजून मोकळी, अशी पंधरा दिवसांची एक फट तेव्हा होती. एप्रिल-मेमध्ये चढलेली भाडी त्या फटीत आम्हांला बरीच उतरलेली दिसली. मे महिन्यात तसेही जाणे शक्य नव्हते. १९ एप्रिलला भंडारा-गोंदियाचे मतदान, त्याची कामे, मग विद्यापीठाच्या परीक्षा आणि उत्तरपत्रिका. १६ जूनला निघायचे आणि २९ ला परतायचे, असे ठरले. मुलगी चार दिवसांनी वाचली.

वाटेचा प्रश्न अधिक अवघड होता. मुंबईहून भाडे माणशी आठ-नऊ हजारांनी कमी. पण मुंबई गाठायची कशी? वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर दुपारी विदर्भ एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचे, तिथे दिवस काढायचा आणि रात्री विमान. गाडी रखडली तर? रेल्वेचे तिकीट आणि विमानाचे तिकीट ही दोन स्वतंत्र पुस्तके. एकाचा शेवट लांबला म्हणून दुसरे थांबत नाही. उलट नागपूरहून दोहामार्गे एकच तिकीट घेतले, तर पहिले विमान उशिरा पोचल्यास पुढची सोय करणे कंपनीवर येते. नागपूरची ही दोहासेवा २०१५ च्या अखेरीस सुरू झाली, आणि भंडाऱ्याहून सोनेगावचा विमानतळ दीड तासाच्या अंतरावर. आजींच्या गुडघ्यांची किंमत आम्ही कागदावर मांडून पाहिली: रेल्वेचे पाच जणांचे भाडे, मुंबईतला एक दिवस, टॅक्सी, हमाल. फरक निम्म्याहून कमी उरला. जो उरला तो देण्यासारखा होता. व्हिसाचे माणशी ११५ पौंड वेगळेच. पाच जणांचे मिळून जवळजवळ एक सहावा प्रवासी.

तिकिटे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काढली. खालच्या अक्षरात तेव्हाही दोनच जागा होत्या, आणि त्या सोडून देण्याइतके आम्ही भावुक नव्हतो. बारा हजार रुपये ही आमच्या घरात रक्कम आहे. म्हणून आरक्षणे दोन झाली, विमान मात्र एकच. मुलगी आईवडिलांपैकी एकाबरोबर असली पाहिजे, म्हणून ती, तिची आई आणि दादा एका आरक्षणावर; आजी आणि त्यांचा मुलगा दुसऱ्यावर. गावातल्या ज्या तिकीटवाल्याने हे करून दिले त्याने कंपनीला कळवून दोन्ही आरक्षणांत एकमेकांचा क्रमांक नोंदवून घेतला, आणि आजींसाठी चाकाच्या खुर्चीची मागणीही टाकली. खुर्चीला पैसे पडत नाहीत हे ऐकून आजींना प्रथमच या व्यवहाराविषयी काही बरे वाटले.

नावे भरताना थोडी अडचण आली. पासपोर्टवर आजींचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव ज्या क्रमाने आहे, त्याच क्रमाने तिकिटावर हवे, आणि यंत्राला फक्त दोन रकाने ठाऊक. आजोबांचे नाव आजींच्या नावाला चिकटून, मधली जागा न सोडता छापले गेले. तिकीटवाला म्हणाला, चालते असे. आजींनी ते अक्षरांवर बोट ठेवत नातीकडून वाचून घेतले, आणि मग सामानाचे विचारले. माणशी किती किलो, पाच जणांचे मिळून किती, आणि त्यात पापड-कुरड्यांचे डबे किती बसतील. वाळवणाला तेव्हा अजून दीड महिना अवकाश होता.